सात ठिकाणी निरंक

माझं शिक्षण दुसरी नापास. दुसरीतनं जो पळालो तो शाळेत परत शिरलो थेट तिशीत, खाकी कपडे घालून, हातात घंटेचा टोला घेऊन. सगळे मला मामा म्हणायचे, पोरंबी आन् मास्तरबी. बायको म्हणायची, "शाळेत जाऊन माणसं शाणी होतात, तुम्ही निस्तं जाऊन येता."

शाळा वाघोलीची, नगर रस्त्यापास्नं थोडी आत. आधी तिथं आमच्याच भावकीची ज्वारी असायची. मग खराडीला काचेच्या इमारतींतल्या कंपन्या आल्या, कंप्युटरवाली माणसं राहायला आली, आन् एका संस्थेनं शाळा काढली. सकाळी इंग्रजी माध्यम, दुपारी मराठी. सकाळची पोरं गाडीतनं उतरायची, दुपारची बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांतनं चालत यायची. शिपाई दोन्हीला एकच.

एकदा मुख्याध्यापकांनी नोटीस लिहिली आन् वही माझ्या हातात दिली, सगळ्या वर्गांत फिरव म्हणून. मी एकेका वर्गात गेलो, वही दिली, आन् छाती काढून उभा राहिलो. मास्तरांनी वाचलं की पोरं खो खो हसायची. पोरं हसली की मीबी हसायचो, एका वर्गात तर वाकून नमस्कारबी केला. शेवटचा वर्ग शास्त्राच्या बाईंचा. बाईंनी नोटीस मनात वाचली, माझ्याकडं बघितलं, आन् पोरांना एवढंच सांगितलं, "आज टाकीचं पाणी पिऊ नका." नोटिशीत लिहिलेलं होतं, शिपायाने टाकी धुतली नाही, सबब मुलांनी पाणी पिऊ नये. माझी बदनामी मीच दारोदार वाटत फिरत होतो.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "मामा, तिसऱ्या तासाला मी मोकळी असते. येत जा."

"कशाला?"

"वाचायला. नाहीतर एक दिवस तुम्हाला काढल्याची नोटीस तुम्हीच फिरवाल."

बाईंनी मला पोरांचं पुस्तक न्हाई दिलं. म्हणाल्या, रोज दिसतात ती अक्षरं आधी शिकू. रोज मला दिसायच्या शाळेच्या नोंदवह्या. तक्रारींची एक, मोडतोडीची एक, आन् फाटकावरची एक, कोण आलं, कोण गेलं, सोबत काय नेलं. त्या सगळ्या वह्यांत एक शब्द जागोजागी. तक्रारी, निरंक. चोरी, निरंक. मोडतोड, निरंक. तोच मी गिरवायला घेतला. आधी 'नीरंक' लिहायचो. बाई लाल गोल करायच्या. "पहिली वेलांटी, मामा. पहिली." महिनाभर मी दुसरी काढत होतो. मग एक दिवस बरोबर आला आन् बाईंनी लाल पेनानं छान असं लिहून दिलं. तो कागद मी देवाच्या फोटोमागं ठेवला.

शब्दाचा अर्थ मी विचारला न्हाई. मला वाटायचं मला म्हाईत हाय. तपासणीचे साहेब यायचे, वह्या उलटायचे, निरंक दिसलं की मान डोलवायचे, सही ठोकायचे, चहा प्यायचे. कुठं दुसरं काय लिहिलेलं दिसलं की कपाळाला आठ्या. म्हणजे निरंक हा चांगला शब्द. सगळं ठीक, कुठं डाग न्हाई. अडाण्याला जे येत न्हाई ते विचारायची लाज वाटत न्हाई. जे येतंय असं वाटतं ते विचारायची वाटते.

बाईंची नोकरी वर्षावर्षाची. दर एप्रिलला संपायची, दर जूनला नवी ऑर्डर. अशी नऊ वर्षं. त्यांचे मालक नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मशीनवर होते. बाहेरच्या कंपन्यांचा स्वस्त माल यायला लागला तसा तो कारखाना बसला, तेव्हापास्नं घरात कमावतं माणूस बाई एकट्याच. वय पंचेचाळीसच्या घरात, दुसरी शाळा कोण घेणार? त्या वर्षी संस्थेचे धाकटे साहेब कंप्युटर कंपनीतली नोकरी सोडून कारभार बघायला आले आन् म्हणाले, ही वर्षावर्षाची भानगड बंद. आता मास्तरांचं मूल्यमापन होणार. गुण चांगले तो कायम. गुण कमी त्याला नारळ.

त्याची सभा हॉलमध्ये झाली. उजेड नको म्हणून मी खिडकीचा पडदा धरायला. धाकट्या साहेबांनी भिंतीवर चित्रं दाखवली. म्हणाले, "प्रत्येकाला आपला केआरए माहीत पाहिजे."

मराठीच्या सरांनी हात वर केला. "म्हणजे काय?"

"की रिझल्ट एरिया."

पीटीचे सर हळूच म्हणाले, "माझा एरिया म्हणजे मैदान. तिथं तुमचं पार्किंग आहे."

मग भिंतीवर डोंगरासारखी एक रेघ आली. साहेब म्हणाले, "हा बेल कर्व्ह. बहुतेक लोक मध्ये येतात. थोडे इकडं, थोडे तिकडं. प्रॉब्लेम बेलच्या या टोकाला असतो."

मला बेल एवढंच कळलं. सगळ्या हॉलात बेलशी संबंध एकट्या माझा. आदल्या आठवड्यात डुलकी लागून मी मधली सुट्टी सात मिनिटं उशिरा दिलेली. मी पडदा सोडून पुढं आलो, हात जोडले. "साहेब, एकदाच झालं. आता घंटा वेळेवर देतो."

हॉल असा फुटला की साहेबबी हसले. मला वाटलं, सुटलो.

नंतर स्टाफरूममध्ये कुणी हसत नव्हतं. मराठीचे सर चष्मा पुसत बसलेले. म्हणाले, "बेल महादेवाला वाहतात. यंदा मास्तर वाहणार आहेत."

पीटीचे सर म्हणाले, "चांगलं काम केलं तर काय भीती?"

"तुम्हाला कळलंच नाही मग. आपल्या वर्गात सगळी पोरं पास होऊ शकतात. यांच्या डोंगरावर कुणीतरी टोकाला बसायलाच पाहिजे. सगळे चांगले असले तरी."

बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी पोरांना शिकवते, सर. त्याला गुण कुठल्या रकान्यात टाकायचे ते तेवढं कुणीतरी सांगा."

मग फॉर्म आले. बारा पानं. बाई तो कितीतरी दिवस पिशवीत घेऊन फिरत होत्या. साधी माहिती भरली, पण शेवटच्या पानावर सात चौकोन तसेच मोकळे. विशेष कामगिरी. स्वतः राबवलेले उपक्रम. पालकांशी संपर्क. अशीच आणखी. मी म्हटलं, "बाई, हे ऱ्हायलं की."

"ते चौकोनात मावत नाही, मामा. वेगळी पानं लिहितेय. जोडून देईन."

मावणार न्हाईच. बाई शाळा सुटल्यावर पत्र्याच्या खोल्यांत जायच्या. विटांच्या ट्रकबरोबर एखादं बिऱ्हाड दुसऱ्या साइटवर गेलं की पोरगं शाळेत यायचं थांबायचं, मग बाई ती साइट शोधत जायच्या. एकदा पार लोहगावपर्यंत. मी होतो बरोबर, कुत्र्याला हाकलायला. कुत्रं मलाच चावलं.

फॉर्मची मुदत सोमवारची. शनिवारी बाई दुसऱ्या शाळेत परीक्षेच्या ड्युटीला गेल्या. जाताना फॉर्म माझ्याकडं दिला, "कपाटात ठेवा. पानं घरी आहेत, सोमवारी लावून देते."

दुपारी भाऊसाहेब, म्हणजे आमचे क्लार्क, ओरडत बाहेर आले. "सोमवार नाही, आजच. पाचला कंप्युटर बंद होणार. ज्याचा फॉर्म नाही तो गैरहजर धरणार."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, बाईंचा हाय, पण त्या येऊ द्या की सोमवारी."

"कंप्युटरला सांग. आणि एक, रिकामी जागा दिसली तर फॉर्म परत. कंप्युटर रिकामं घेत नाही."

मी बाईंना फोन लावला. बंद. ड्युटीवर फोन बंदच ठेवायला लागतो. तीनदा लावला. घड्याळात साडेचार. कपाट उघडलं, फॉर्म काढला. सात चौकोन माझ्याकडं बघत होते.

आन् मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू. कारण नेमका जो शब्द लागणार तो मला येत होता. स्टाफरूममध्ये बाईंच्याच खुर्चीवर बसलो, बाईंचंच निळं पेन घेतलं, आन् सातही चौकोनांत लिहिलं. निरंक. घाई केली न्हाई. एकेक अक्षर बघून बघून. पाचला दहा मिनिटं कमी असताना फॉर्म भाऊसाहेबांच्या टेबलावर. त्यांनी वर न बघता कंप्युटरवाल्या पोरीकडं सरकवला. बाहेर येऊन मी एक कटिंग प्यायलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्यातरी कामाला माझं लिहिणं आलं होतं.

सोमवारी बाई पानं घेऊन आल्या. मी म्हटलं, "फॉर्म गेला, बाई. शनिवारीच घेतले सगळ्यांचे." कसा गेला ते सांगितलं न्हाई. मनात होतं, निकाल लागला की सांगू, बाई छान लिहून देतील. बाई पानं घेऊन ऑफिसात गेल्या. भाऊसाहेब म्हणाले, एंट्री लॉक झालीय, आता काही जोडता येत नाही.

पंधरा दिवसांनी निकालाची यादी लागली. बाई ऑफिसात गेल्या, आपला फॉर्म बघायला मागितला, आन् बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. मी व्हरांड्यात स्टुलावर. उठून विचारलं, "बाई, कसा लागला?"

बाई माझ्याकडं बघत ऱ्हायल्या. मग म्हणाल्या, "निरंक."

मी टाळी वाजवली. देवाशप्पथ, टाळी वाजवली. "मला वाटलंच होतं!" बाई वर्गात निघून गेल्या. मी तसाच ऑफिसात, भाऊसाहेबांना म्हटलं, पेढे कुठले आणू? बाई निरंक झाल्या.

भाऊसाहेब विड्याचं पान लावत होते. हात थांबला. "अरे येड्या, निरंक म्हणजे काय माहीत आहे का?"

"सगळं ठीक."

"निरंक म्हणजे काही नाही. शून्य. भोपळा. कंप्युटरवर सात शून्यं पडली. बाई सगळ्यात खाली गेल्या."

मी टेबलावरचा ग्लास उचलून पाणी प्यायलो, ते पान भिजवायचं पाणी निघालं.

तसाच मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये घुसलो. आत धाकटे साहेबबी होते. म्हटलं, "साहेब, बाईंच्या फॉर्मवर ते मी लिहिलंय. बाईंनी न्हाई. मला काढा, पण त्यांचं दुरुस्त करा."

दोघं एकमेकांकडं बघून हसले. माझी ख्यातीच तशी. मुख्याध्यापक म्हणाले, "तुला कुठं लिहिता येतं?"

"येतंय, साहेब."

"कुणी शिकवलं?"

आन् इथं मी खरं बोललो. आयुष्यभर थापा मारल्या, नेमका तिथं खरं. "बाईंनीच शिकवलं."

धाकट्या साहेबांचं हसू गेलं. "अच्छा. बाईंनी शिकवून पाठवलंय."

"तसं न्हाई साहेब. अक्षर शिकवलं."

"काय काय बोलायचं तेही शिकवलं असेल."

मी म्हटलं, कागद द्या, लिहून दाखवतो. कागद दिला. पण हात असा कापत होता की शब्द लागंना. नि काढला, तो न सारखाबी दिसंना. वेलांटी टेबलावर गेली. मुख्याध्यापक म्हणाले, "जा बाबा. चहा सांग." दाराबाहेर ऐकू आलं, साहेब सांगत होते, शिपायाकरवी दबाव आणला असं बाईंच्या फाईलला लावा.

मी त्यांना वाचवायला गेलो आन् वर एक दगड ठेवून आलो. तरी मी जातच ऱ्हायलो. दुसऱ्यांदा मला आत घेतलं न्हाई. तिसऱ्यांदा संस्थेच्या ऑफिसात, शहरात, पेठेत गेलो, तिथला माणूस म्हणाला, वेळ दुपारी चारनंतर. चारनंतर गेलो तर म्हणाला, लेखी द्या. रात्रभर बसून लेखी दिलं. त्यानं वाचलं आन् म्हणाला, हे तुम्ही लिहिलंय कशावरून?

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी बाई कपाट रिकामं करत होत्या. मी दारात. म्हटलं, "बाई, तो फॉर्म..."

"माहीत आहे, मामा."

"कधीपास्नं?"

"ऑफिसात बघितला तेव्हापासून. तुमचा र मी ओळखणार नाही का? नऊ महिने गिरवून घेतलाय."

"मग तिथंच का न्हाई बोललात?"

बाईंनी डबा पिशवीत ठेवला. "बोलले असते तर माझी नोकरी वाचलीच असती असं नाही. तुमची मात्र गेली असती. दुसऱ्याच्या फॉर्मवर लिहिलं म्हणून."

बाई पिशवीची चेन लावत होत्या, ती अडकली होती, त्या ओढत ऱ्हायल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सात ठिकाणी लिहिलंत. सातही ठिकाणी पहिली वेलांटी. एकदाही चुकला नाहीत."

त्या हे रागानं म्हणाल्या का कौतुकानं, मला अजून कळलेलं न्हाई.

फाटकावर वॉचमन जेवायला गेलेला, म्हणून वही माझ्यापुढं. शाळेचा माणूस बाहेर पडला की नोंद करायची. नाव लिहिलं, वेळ लिहिली. शेवटचा रकाना, सोबत नेलेलं सामान. पिशवीत डबा, छत्री, आन् ती पानं. शाळेचं काहीच नव्हतं. अशा वेळी तिथं काय लिहायचं ते मला म्हाईत होतं. बाई थांबल्या होत्या.

"लिहा, मामा."

मी पेन टेकवलं आन् उचललं. बाई रस्ता ओलांडून बस स्टॉपकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब वही घेऊन आले. ही जागा रिकामी का? मी म्हटलं, मला लिहिता येत न्हाई.