सुमनच्या डोळ्यात मी घातलेलं औषध

हे माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. देवीची ओटी भरताना डोळे मिटते, तेव्हाही दुसरंच काहीतरी मागते आणि हे मागं ढकलते. आता लिहितेय – चौथीपर्यंत शिकले, अक्षर अजून लावून लावून काढावं लागतं, त्यामुळं सावकाश होईल. तुम्ही ऐकून घ्या.

सुमन माझी धाकटी जाऊ. कबनूरला आम्ही एकाच घरात राहतो. ती यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरते, म्हणजे मागाला लागणारं सूत लहान नळ्यांवर गुंडाळून देते. दिवसभर धाग्यावर नजर, आणि हवेत कापसाची भुकटी. मी कोल्हापुरात डोळ्यांच्या एका दवाखान्यात झाडलोट करते. मला माणसांत बोलता येत नाही. दवाखान्यातल्या निम्म्या लोकांनी माझा आवाजही ऐकला नसेल.

तीन वर्षांपूर्वी सुमनचे डोळे चुरचुरायला लागले. "अक्का, वाळू घातल्यागत हुतंय गं," म्हणायची. लाल डोळे बघून कारखान्यातला मुकादम चिडवायचा, "काय गं, नवऱ्यानं हाणलं व्हय?" ती उलटून म्हणायची, "त्यो हाणंल? त्याला आधी अंथरुणातनं उठवाय लागतंय की!"

आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या मॅडम नेमका अशाच डोळ्यांचा अभ्यास करत होत्या. मागावरच्या बायका-माणसांना बोलावून तपासायच्या. बुबुळावर काचेसारखा पडदा असतो, त्यात बारीक नसा असतात. यंत्रातून त्यांचे फोटो निघायचे – काळ्यावर पांढरे धागे. शिकाऊ डॉक्टरांना सांगायच्या, डोळा कोरडा पडला की सूज येते, सुजेनं नसा झिजतात, आणि नसा झिजल्या की डोळा पाणी मागायचंच विसरतो. मग आणखी कोरडा. मी फरशी पुसत ऐकायची. मला कळायचं.

मग सुमनला तिथं का नेलं नाही? लाज. मॅडमसमोर उभं राहून "माझ्या घरचं माणूस आहे" असं म्हणावं लागलं असतं – तेवढंही मला जमेना.

तपासायच्या आधी डोळा बधिर करायचे थेंब असतात. बाटली उघडून बरेच दिवस झाले की तळाला औषध असलं तरी ती टाकून देतात. टाकायची पिशवी मीच बांधायची. त्यातली एक बाटली कमरेला खोवून मी घरी आणली.

थेंब घातला आणि सुमनची चुरचुर थांबली. ती हसली. "अक्का, तू तर डाक्टरीण हाईस की! चौथी पास डाक्टरीण!" घरात मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. खरं सांगू? फार गोड वाटलं. मी दुसरी बाटली आणली. तिसरी आणली. ती दिवसातून दोनदा घालायची, मग पाचदा, मग तासातासाला.

पण मी सांगायला बसले ते हे नाही. इथवरच्याला अडाणीपणा म्हणता येईल.

एक दिवस मॅडम एका शिकाऊ डॉक्टरवर ओरडल्या. ही बाटली पेशंटच्या हातात कधीही जायची नाही. दुखणं थांबल्यागत वाटतं, पण नसा मरतात, जखम भरत नाही, डोळा जातो. मी बादली घेऊन दारात उभी होते. शब्द न् शब्द ऐकला.

त्या संध्याकाळी मी बाटली नेली. हो – नेली. आणि नेण्याआधी तिच्यावरचा कागद नखानं खरवडून काढला.

एकदम बंद केलं असतं तर सुमन कळवळली असती, कुणीतरी विचारलं असतं, काय घालत होतीस? माझं काम गेलं असतं. त्यानंतर वीसेक दिवस मी तिला बाटल्या देत राहिले.

शेवटी दिरानं तिला दवाखान्यात आणलं. मॅडमनी कापसाचं टोक पिळून तिच्या उजव्या बुबुळाला लावलं. आपल्याला कुसळ शिवलं तरी पापणी मिटते. सुमनची मिटली नाही. ती नुसती बघत राहिली.

"डोळ्यात काय घालत होतीस?" मॅडमनी विचारलं.

सुमननं माझ्याकडं बघितलं. दवाखान्यातली बाटली घरी आल्याचं कळलं तर अक्काचं काम जाईल, एवढंच तिला ठाऊक होतं. मला वाचवायला ती गप्प होती. ते औषधच डोळा खातंय हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. आणि कधी न बोलणारी मी – तिथं बोलले. "गुलाबपाणी, मॅडम. आमच्यात सगळ्याच घालत्यात."

"व्हय," सुमन म्हणाली.

मॅडमनी विश्वास ठेवला. कोरडेपणाचे, सुजेचे उपचार सुरू झाले. तिच्या नसांचा फोटो जवळजवळ काळाच होता, कुठंतरी एखादा तुटका धागा. मागावरच्या लोकांची बैठक घेतली तेव्हा मॅडमनी तोच दाखवला – बघा, कोरड्या डोळ्याकडं लक्ष दिलं नाही की काय होतं. लोक हळहळले. मी चहाचे कप गोळा करत होते.

खरं कळलं असतं तर डोळा वाचला असता का? मी विचारलं नाही. विचारायला सांगावं लागलं असतं. बाटल्या तेवढ्या थांबवल्या. मग सुमन भिंतीला कपाळ टेकून दिवस दिवस बसायची, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवायची. तोच हात.

आता तिच्या उजव्या डोळ्यावर पांढरा डाग आहे. त्या डोळ्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. शेजारणींना ती सांगते, "अक्का हुती म्हणून एक तरी डोळा ऱ्हायला." मी ऐकते आणि भाकरी थापत राहते.

गेल्या आठवड्यात तिची मुलगी रूपा माझ्याजवळ आली. तीही आता कांड्याच भरते. डोळे लालभडक. "मोठी आई, आईनं सांगितलंय, तुझ्याकडचं त्ये थंडगार औषध दे."

मी म्हणाले, "संपलं बाळ."

संपलं, एवढंच म्हणाले. त्यानं तुझ्या आईचा डोळा गेला, हे म्हणाले नाही.