मावशीची पट्टी

मावशीचं आणि बाबांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण बाबांच्या छातीत कळ आली, तेव्हा त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं ते तिनंच. हृदयाला इजा झाली की एक प्रथिन रक्तात उतरतं. ते तपासायला रक्त दूरच्या प्रयोगशाळेत गेलं आणि अहवाल येईपर्यंत हृदयाचा एक कोपरा निकामी झाला. बाबा वाचले, पण जिने चढणं कायमचं सुटलं.

मावशी संशोधक. डॉक्टरच्या टेबलावरच उत्तर देणारी पट्टी करायची, असं तिनं ठरवलं. बोटाएवढ्या पट्टीवर तिनं डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण बसवले आणि त्यांच्यावर नेमकं तेच प्रथिन पकडणारे रेणू. प्रथिन अडकलं की पट्टीतला करंट बदलायचा. खाऱ्या द्रावणात पट्टी इतकी झकास चालली की विभागात केक कापला गेला. मग मावशीनं खरं रक्त टाकलं, तर पडद्यावरची रेघ ढिम्म. रक्तातली बाकीची प्रथिनं सोन्यावर ठाण मांडून बसली होती.

विभागप्रमुख म्हणाले, आधीचे निकाल तर छापून टाकू. मावशी म्हणाली, “सर, माणसाच्या अंगात नुसतं खारं पाणी नसतं.”

त्यानंतरची वर्षं खडतर गेली. प्रयोगशाळेतले सहकारी सोडून गेले, निधी आटला. आई म्हणायची, हिनं नाद सोडावा. बाबा मात्र पट्टीच्या चाचणीला रक्त द्यायला संमतिपत्रावर सही करून मुकाट बाही वर करायचे. “मेव्हणी रक्त पिते म्हणायचो,” ते हसत, “आता सहीनिशी पिते.”

शेवटी तिनं काट्यानं काटा काढला. रक्तातल्या बाकीच्या प्रथिनांपैकी जे सगळ्यात जास्त चिकटून घोळ घालत होतं, त्याचीच विरळ जाळी तिनं आधी पट्टीवर बसवली. नव्या गर्दीला जागाच उरली नाही. जाळीतून करंट जावा म्हणून सोन्याचे अतिसूक्ष्म तंतू ओवले. रेघ हलली.

चाचणीसाठी पट्ट्या एका छोट्या दवाखान्यात गेल्या. तिथं एक बसड्रायव्हर पित्ताचं औषध मागायला आला होता. पट्टीनं वेगळंच सांगितलं. त्याला तातडीनं मोठ्या रुग्णालयात हलवलं. आठवड्यानं तो स्वतःच्या पायांनी जिना उतरून घरी गेला.

छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोनवर अभिनंदन केलं. मावशीनं आभार मानले आणि विचारलं, पट्टी कुणाच्या बाबतीत चुकली का? दोघांच्या, ते म्हणाले. तिनं लगेच त्या पट्ट्या परत मागवल्या. मग बाबांच्या शेजारी बसून बराच वेळ रडली. बाबांनी पहिल्यांदाच तिची चेष्टा केली नाही.