ओमानच्या डोंगरात करवंदं शोधणारे काका

ओमानमध्ये जेवढी म्हणून काटेरी झुडपं आहेत, त्यांपैकी निम्म्यांनी तरी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना ओरबाडलेलं आहे. उरलेली निम्मी केवळ रस्त्यापासून फार आत असल्यामुळे वाचली. काका मूळचे सावंतवाडीकडचे. मस्कतच्या गाला भागातल्या एका गॅरेजमध्ये सव्वीस वर्षं नोकरी करत ते फोरमनपर्यंत पोचले, आणि जवळच सीब गावातल्या आमच्या इमारतीत आठ वर्षं आमच्या डोक्यावर राहिले. हात सदैव इंजिनात असले, तरी जीव करवंदात अडकलेला. करवंद इथे उगवत नाही, हे सगळ्यांनी त्यांना सांगून पाहिलं होतं. काका शांतपणे विचारायचे, "तुम्ही नीट बघितलंत कुठे?"

त्यांचं नीट बघणं म्हणजे हायवेवर झुडूप दिसलं की गाडी बाजूला. उतरून आधी काटा तपासायचा, सरळ की करवंदीसारखा टोकाला दुभंगलेला. मग पान मोडून चीक येतो का बघायचा. फळ असलंच तर त्याचा रस कोपराच्या आतल्या बाजूला चोळून एक दिवस थांबायचं, खाज सुटली नाही तर दुसऱ्या दिवशी ओठाला लावायचा, आणि तिसऱ्या दिवशी एक दाणा खायचा. एकदा पोलिसाची गाडी मागे येऊन थांबली. "गाडी खराब?" त्याने हिंदीत विचारलं. "गाडी ठीक है. काँटा देखता हूँ," काका म्हणाले. पोलिसानेही वाकून काटा बघितला, बोट टोचून घेतलं आणि "यल्ला, यल्ला" म्हणत त्यांना पुढे धाडलं.

एका उन्हाळ्यात मात्र त्यांना कोपराचा दिवस काढायला धीर निघाला नाही. संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले तेव्हा खालचा ओठ सुजून हनुवटीवर लोंबत होता. मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काय खाल्लंत म्हणून विचारलं, तर काकांनी खिशातून फांदीच काढून टेबलावर ठेवली. "खाल्लं नाय," ते कसेबसे म्हणाले, "चाटलं." त्यानंतर माझी लेक त्यांना जिन्यात अडवून बजावायची, "काका, प्लीज, कुठलंपण झाड लिक नाही करायचं." काका गंभीरपणे मान डोलवायचे.

त्या भटकंतीचा आम्हाला फायदाच झाला. सिद्र नावाचं इथलं झाड म्हणजे बोरीची थोरली बहीण, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्याचा पाला वाटून केलेली भुकटी लावून माझ्या लेकीचे केस दोन वर्षं धुतले गेले, आणि थंडीत पिवळी बोरंही पिशवीभर यायची. पण कौतुक केलं की काका म्हणायचे, "बोरां झाली. करवंदांचा काय?"

मग गॅरेजमधल्या कुणा ओमानी गिऱ्हाइकाने त्यांना सांगितलं, की वर जबल अख्दरच्या डोंगरावर बूत नावाचं काटेरी झुडूप असतं, जूनअखेरीस त्याला काळी-जांभळी फळं धरतात. काकांनी फोर-व्हीलची सोय केली आणि मला नि लेकीला बरोबर घेतलं. वर डाळिंबांच्या बागेशी एक म्हातारे बाबा भेटले. हिंदी बऱ्यापैकी बोलणारे. त्यांनी काकांच्या कोपराच्या परीक्षेला हसून नकार दिला. "मेरी माँ ने मुझे दिखाया था, मैं तुमको दिखाता हूँ," म्हणाले, आणि झुडपापाशी नेऊन सगळं समजावलं: पान केवढं, काटा कसा, कच्चं फळ कसं चिकट लागतं, पिकलं ते बोट लावताच कसं सुटतं. हिवाळ्यासाठी त्यांच्या घरी ती वाळवून ठेवत, पोट बिघडलं की मुलांना देत.

काकांनी एक तोंडात टाकलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी बी तळहातावर काढून निरखली. मग म्हणाले, "गोड आसा. ह्यां करवंद न्हय."

परतताना घाटात ते आपणहून बोलायला लागले. त्यांचं लग्न मे महिन्यातलं. पंधरा दिवस रोज सकाळी ते आणि काकू गावामागच्या सड्यावर, कातळावर करवंदं काढायला जात, भरल्या घरातून तेवढाच एकान्त. सोळाव्या दिवशी त्यांनी विमान धरलं. पुढे सुट्टी मिळाली ती दर वेळी गणपतीतच. तोवर पाऊस पडून करवंदं संपलेली. "इतक्या वर्षांत एक मे महिना गावला नाय," ते म्हणाले, आणि आरसा नीट करायला लागले. तो नीटच होता.

गेल्या उन्हाळ्यात, नोकरी संपायच्या आधी, त्यांनी काकूंना पहिल्यांदाच इथे आणलं. डोंगरावर जायचा बेत ठरलेलाच होता, आम्हीही गेलो. काकूंनी साडीचा पदर खोचला होता, पायात लेकीचे बूट. काकांनी त्यांना पान दाखवलं, काटा दाखवला, पिकलेलं कसं ओळखायचं ते दाखवलं. मग दहाबारा फळं निवडून, देठ काढून त्यांच्या ओंजळीत घातली आणि जरा ओशाळून म्हणाले, "करवंदासारखी नाय, पण..."

काकूंनी एक खाल्लं. "बरी आसत," त्या म्हणाल्या. "माका करवंदां कधीच आवडाक नाय."

काका बघतच राहिले. "आणि ते पंधरा दिस?"

"तुमी काढून दिलास म्हणान खाल्लंय."

माझ्या लेकीने मला हळूच विचारलं, काकू काय म्हणाल्या. मी तिला खुणेने गप्प केलं. काकांच्या मनगटावर ताजा ओरखडा उठला होता, त्यातून रक्ताचा बारीक थेंब येत होता. त्यांनी तो पँटला पुसला, पुन्हा झुडपात हात घातला आणि अगदी आतलं, ऊन न लागलेलं एक टपोरं फळ काढून काकूंपुढे धरलं. काकूंनी हात पुढे केला नाही. इकडेतिकडे बघितलं, आमच्याकडे पाठ केली, आणि तोंड उघडलं.