महागड्या ऑईलचा डबा

१२ ऑक्टोबर १९९७, रविवार. जीपचं ऑईल बदलायचं होतं. इंजिन थोडं गरम करून घेतलं, जीप अंगणात सपाटीवर लावली, चाकांना दगड लावले आणि जुनं ऑईल धरायला खाली घमेलं सरकवलं. दसऱ्याची झेंडूची माळ अजून बॉनेटवर होती. तिची फुलं गळून घमेल्यात पडत होती, म्हणून आधी ती काढली.

माझा धंदा मसाल्याचा. साताऱ्यात घरी कांदा-लसूण मसाला आणि भाजण्या करायच्या आणि दर सोमवारी सांगलीच्या दुकानांत पोचवायच्या. दिवाळी तोंडावर आली होती. चकलीच्या भाजणीची पोती ओसरीवर भरून तयार होती आणि दिवाळीनंतर भाजणीला कोणी विचारत नाही. जीप जुनी, डिझेलवरची. उन्हाळ्यात तिचं इंजिन खोलून सगळं काम नव्याने करून घेतलं होतं. ते पुन्हा बसलं असतं तर दुसऱ्यांदा करायची ऐपत नव्हती. धंदाच थांबला असता.

जीप चालवायचे माझे धाकटे दीर. फौजेत ड्रायव्हर होते, पेन्शनीवर आल्यापासून आमच्याकडेच. इंजिनाचं काम झाल्यावर त्यांनीच ते सिंथेटिक ऑईल सुचवलं. सांगलीत त्यांच्या पलटणीतल्या एका मित्राचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, तिथे मिळायचं. किंमत साध्या ऑईलच्या तिप्पट. मी विचारलं, एवढं काय आहे त्यात?

"वैनी, लडाखला साधं ऑईल पेढ्यासारखं घट्ट व्हायचं. गाडी सुरूच व्हायची न्हाई. हे पातळ, तरी इंजिनाला धरून ऱ्हातंय."

"साताऱ्यात कधी घट्ट झालंय?"

"तसं न्हवं. उन्हातबी टिकतंय. दुप्पट चालतंय."

तिप्पट पैसे द्यायचे आणि दुप्पट चालवायचं, यात फायदा कुणाचा ते मला कळलं नाही. पण इंजिन नवं केलेलं. साधं ऑईल घातलं आणि काही बिघडलं, तर वहिनीने पैशाकडे बघितलं असं झालं असतं. घेतलं. महिन्याभरात इंजिनातली ऑईल मापायची पट्टी काढून बघते तर ऑईल काळं. दीर म्हणाले, डिझेल गाडीत कुठलंही ऑईल काळंच पडतं. ते खरं होतं, गॅरेजवाल्यानेही तेच सांगितलं. तरी माझं समाधान झालं नाही. जी वस्तू चांगली आहे की वाईट ते बघून, हुंगून, चाखून कळत नाही, तिच्यावर माझा विश्वास बसत नाही. मिरची फिकी निघाली तर मला डोळे मिटून कळते. ऑईल खोटं निघालं तर कधी कळणार? इंजिन गेल्यावर.

त्या पहिल्या ऑईलचा प्लास्टिकचा डबा रिकामा झाला, तो सासूबाईंनी उचलला. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूवर खूण करायची त्यांना सवय होती. लग्नाकार्यात भांडी इकडची तिकडे होतात, म्हणून पितळेच्या आणि स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घ्यायच्या, तेवढं सगळेच करतात. पण सासूबाई पाट, सूप, बादली, काही सोडत नसत. प्लास्टिक असेल तर चुलीत दाभण लाल करायच्या आणि बुडाला आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर आणि खाली एक टिंब डागायच्या. लिहिता येत नव्हतं, हे एक अक्षर तेवढं शिकून ठेवलं होतं. त्यांना तो डबा रॉकेलसाठी हवा होता.

श्रावणात दिरांनी तो परत मागितला. मित्र म्हणाला होता की रिकामा डबा झाकणासकट आणून दिला तर पुढच्या वेळी किमतीत सूट देतो, कंपनी डबे परत मागवते. मी म्हटलं, "दुधाच्या बाटल्या आहेत का त्या? कंपनीला रिकामा डबा कशाला?" दीर हसले. म्हणाले, "वैनी, तुमाला तर देवळातल्या तीर्थाचाबी संशय येतोय." सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. डबा सांगलीला गेला.

तर त्या रविवारी दीर जीपखाली शिरले, खालचा बोल्ट सोडला आणि जुनं ऑईल घमेल्यात उतरलं. सासूबाई शेजारी ब्रश घेऊन उभ्या होत्या. गोठ्याच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑईल फासायचं, ते त्यांचं ठरलेलं काम. ऑईल पुरतं निथळलं, फिल्टर बदलला, बोल्ट आवळला. दिरांनी हात पुसले आणि मला म्हणाले, आणा डबा.

नवा डबा आदल्या सोमवारी आणून फडताळात ठेवला होता. झाकणाला सील होतं, लेबल चकचकीत. कुठे गळत नाही ना बघायला मी तो उलटा केला. बुडाला आमचं अक्षर होतं. खाली टिंब.

मी डबा तसाच उलटा धरून दिरांपुढे नेला. त्यांनी बोटाने ते डाग चाचपले, मग डबा सरळ करून सील बघितलं.

"सील तर नवं हाय," म्हणाले.

तेवढ्यात सासूबाईंनी वाकून बघितलं. "आला का परत? बरं झालं. रॉकेलला हुईल."

दिरांनी सील फोडलं, बशीत थोडं ओतलं. मधासारखं पिवळं, स्वच्छ. आत काय होतं ते मला आजही माहीत नाही. साधं असेल, जुनंच गाळून भरलेलं असेल. उन्हाळ्यातल्या डब्यात तरी खरं होतं का, तेही नाही. त्यामुळे त्या महागड्या ऑईलचे पैसे वसूल होतात का, असं मला पुढे कुणी विचारलं की मी सांगते, आधी ते तुम्हाला मिळालं का ते बघा.

"त्यालाबी कुणी फसवलं आसंल," दीर म्हणाले.

"डबा तुम्ही कुणाच्या हातात दिलात?"

त्यावर ते बशीतलं ऑईल बोटांत चोळत बसले. मग म्हणाले, "कारगिलला एका बंकरात हुतो आमी दोघं." थोड्या वेळाने उठले, बशीतलं ऑईल घमेल्यात ओतलं आणि डब्याचं झाकण लावलं. जीप ऑईलविना उभी होती. भाजणी ओसरीवर.

सोमवारी सकाळी उजाडताच मी पेट्रोल पंपावर गेले. सीलबंद साधं ऑईल घेतलं, निघण्याआधी डब्याचं बूड बघितलं. दिरांनी ते इंजिनात ओतलं. रिकाम्या डब्याला मी तापलेल्या दाभणाने भोकं पाडली, एवढा चांगला डबा वाया घालवला म्हणून सासूबाई कुरकुरत राहिल्या. मग भाजणी लादली आणि निघालो. आमचं अक्षर असलेला डबा माझ्या पायाशी होता.

सांगलीत आधी माल उतरवला. मग मी त्या दुकानाकडे गाडी घ्यायला सांगितली आणि डबा उचलला. दिरांनी हात पुढे केला.

"द्या इकडं. मैतर माझा हाय."

मी दिला. ते आत गेले. मी खाली उतरले, ऑईल खाली बसायला थोडा वेळ दिला, मग बॉनेट उघडलं, पट्टी काढून पदराला लागणार नाही अशी फडक्याने पुसली, परत घातली आणि काढून बघितली. ऑईल बरोबर खुणेपर्यंत होतं.