लिंबू काढून टाकलं तो पाय
मुलुंडहून निरोप आला तो असा: मुलगी चुणचुणीत आहे, पण लंगडते. संध्याकाळपर्यंत आमच्या घाटकोपरच्या चाळीत तो घरोघर पोहोचला. मला बघून गेलेल्या त्या मुलात मला काडीचा रस नव्हता. पण ‘लंगडी’ हा शब्द एकदा चिकटला की पुढचं प्रत्येक स्थळ तो आधी ऐकणार, हे मला कळत होतं. तो परत घ्यायला लावायचा, एवढंच मी मनात धरलं.

लंगडत होते हे खरं, पण जन्माची नाही, नखाची. तेव्हा, ऐंशीच्या दशकात, मी ठोक भावात साड्या आणून, गाठोडं घेऊन जिने चढत बायकांना विकायची. धंदा एकटीनं उभा केला होता. गिऱ्हाईक आधी पायांकडे बघतं म्हणून पुढून निमुळत्या चपला घालायची. त्यात अंगठ्याचं नख कडेनं मांसात घुसलं. ठणकलं की मी कोपरा खोल कोरून काढायची. जरा बरं वाटायचं आणि मग नख आणखी आत जायचं. आईनं हळद भरलेलं लिंबू अंगठ्यात घातलं. पाहुणे जिन्यात आले तेव्हा ते घाईघाईनं ओढून काढलं, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाहुणे बसतात न बसतात तोच मुलाची आई म्हणाली, “जरा पाणी आण गं.” पाणी कशाला हवं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. चाल बघायची होती.

निरोप आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अंगठा दाबून बघितला.

“नख काढावं लागेल.”

“सगळं? बोचतंय तर एका कडेला. तेवढी पट्टी काढा.”

“बाई, ब्लाउजपीस कापून घ्यायला आलात का?”

“कडेचा धागा निघाला म्हणून अख्खी साडी कोणी फाडतं का, डॉक्टर?”

ते हसले, पुन्हा नीट बघितलं. म्हणाले, “ठीक आहे, कडच काढू. पण पुन्हा घुसलं तर?”

“तर सगळं काढा. त्या वेळची फी मात्र मागायची नाही.”

बोटाच्या मुळाशी सुई टोचली तेव्हा मी त्यांच्या सात पिढ्या मनात काढल्या. नंतर काहीच कळलं नाही. त्यांनी नखाची बारीकशी चीप चिमट्यात धरून दाखवली. एवढ्याशा चिपेनं माझं नाव घालवलं होतं. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचा, पुढून उघडी चप्पल घालायची, नख सरळ आडवं कापायचं, कोपरे कोरायचे नाहीत. यात मी घासाघीस केली नाही.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा पाय बरा झाला होता. स्थळ आणणारी मावशी मुलुंडला त्या मुलाच्या आईच्याच इमारतीत राहायची. तिच्याकडे मी गाठोडं सोडलं. शेजारणी जमल्या, त्याही आल्या. मला ओळखलं, पण बोलल्या नाहीत. एक मोरपंखी साडी मात्र मांडीवर घेऊन बसल्या, ती काही सोडवेना.

“जरा कमी कर ना.”

“करते की काकू. थांबा, आधी पाणी आणते.”

मी उठले, स्वयंपाकघरात गेले, तांब्या-भांडं घेऊन सगळ्यांच्या मधून सावकाश चालत आले. त्यांना भांडं दिलं आणि समोर उभी राहिले.

“सांगा, मी लंगडते का?”

बाई साडीचा पदर चाचपत राहिल्या.

“नाही गं. चांगली चालतेस.”

“मला नका सांगू. निरोप मावशीनं आणला होता. तिला सांगा.”

त्या मावशीकडे न बघता म्हणाल्या, “मुलीच्या पायात काही दोष नाही हो. सांगा तिच्या चाळीत.”

मग मी भाव कमी केला. जिना चढण्याआधीच तो वाढवून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मावशी घाटकोपरला आली आणि नळावरच्या बायकांसमोर सगळं सांगून गेली. आई बादली भरत ऐकत होती. घरात येऊन म्हणाली, “बघ, लिंबानं गुण आला की नाही?”

त्यावरून आमचं जे भांडण लागलं, ते ती असेपर्यंत मिटलं नाही.