रुचिकाला नाही म्हणणं

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात लखनचं दुकान म्हणजे जमिनीवर पसरलेली ताडपत्री, तिच्यावर वांग्यांचा ढीग आणि पालक-सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. गर्दी ऐन भरात होती. त्याची साडेतीन वर्षांची लेक रुचिका मात्र वजनाच्या काट्यावर उभी राहून उतरायला तयार नव्हती.

"उतर व बाई, गिऱ्हाईक खोळंबलं," लखन म्हणाला आणि त्याने तिला काखेत धरून खाली ठेवलं.

एवढंच. पोरीने किंकाळी फोडली, मग तोंड उघडं राहिलं आणि आवाजच थांबला. ओठ निळे पडले. मान एका बाजूला कलली आणि अख्खं अंग लखनच्या हातात चिंधीसारखं लोंबलं.

"मिरगी आली, चप्पल हुंगवा!" कुणी ओरडलं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. लखनला काही ऐकू येईना. तो तिला छातीशी धरून जीपच्या अड्ड्याकडे धावला. जीपमध्ये बसतो न बसतो तोच तिने मोठा श्वास ओढला आणि भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून लखनही रडला. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, देवाधर्माचं सगळं करून झाल्यावर झालेली ही एकुलती एक लेक.

दुसऱ्या दिवशी तो आणि बायको मंजुषा तिला कारंज्याला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त बघितलं, सगळं विचारून घेतलं.

"ही मिरगी नाही," त्या म्हणाल्या. "राग आला किंवा दुखलं की काही मुलांचा श्वास असा अडकतो. ती मुद्दाम करत नाही. कुशीवर निजवा, हलवू नका, तोंडात काही घालू नका. श्वास आपोआप येतो. जास्त वेळ लागला तर मात्र लगेच दवाखाना गाठा. रक्त कमी आहे, त्याचं औषध देते. आणि या भीतीपायी तिचा प्रत्येक हट्ट पुरवू नका."

लखनने शेवटचं वाक्य सोडून सगळं ऐकलं.

त्या दिवसापासून घरात 'नाही' हा शब्दच बंद झाला. रुचिकाने मोबाईल मागितला की मोबाईल, साखर मागितली की साखर. अंघोळ नको म्हटली की अंघोळ रद्द. आजी तुळसाबाई तर तिच्यापुढे कुणाला मोठ्याने बोलूही देईना. "लेकराचा जीव जाईन बापा, देऊन टाका काय मागते थे!"

पोर हुशार. तिचा सूर जरा चढला की मोठी माणसं धावत येतात, हे तिला आठवड्यात कळलं. सूर चढतच गेला.

लखनचं चित्त मात्र कुठे ठरेना. बाजारात बसला तरी दर घटकेला घरी फोन. "रडली तर नाई ना?" सुटे पैसे द्यायला चुकायचा, कोबी मागणाऱ्याला वांगी तोलून द्यायचा. शेजारचं कुठलंही पोर रडलं तरी हातातलं टाकून उठायचा.

"तुमीच तिले डोक्यावर बसवून राह्यले," मंजुषा एकदा चिडून म्हणाली. "उद्या विस्तव मागतला तर थोही द्यान काय?"

"अन् तिचा श्वास परत आला नाई तर? तू पाह्यलं का तिचं तोंड बाजारात?"

मंजुषाने पाहिलं नव्हतं.

मग वांग्यावर अळी पडली. फवारणीच्या दिवशी रुचिकाने घरी राहायला नकार दिला, म्हणून तिलाही मळ्यात आणावं लागलं. मंजुषा दूरच्या टोकाला मिरच्या तोडत होती. लखनने हातमोजे चढवले, पंपात पाणी भरलं आणि बाटलीचं लाल झाकण काढलं.

"बाबा, थे झाकन मले दे."

"हे नाई बेटा, हे औषीद हाये."

"मले पायजे!" सूर चढला. ती पाय आपटू लागली.

लखनने हातातल्या झाकणाकडे पाहिलं. धुऊन दिलं तर? क्षणभरच धरेल, मग फेकेल. त्याचा हात खरंच थोडा खाली आला. तेवढ्यात औषधाचा उग्र भपकारा नाकात शिरला आणि आपण काय करायला निघालो हे कळून तो शहारला. त्याने बाटली आणि झाकण पाण्याच्या मोटारीच्या खोलीत ठेवून कडी लावली. मोजे काढले, साबणाने हात घासले. मागे किंकाळी उठली आणि मधेच तुटली.

तो वळला. तेच ओठ, तोच निळा रंग.

त्याने तिला उचलून लिंबाखालच्या पोत्यावर कुशीवर निजवलं आणि शेजारी बसला. हात तिला गदगदा हलवायला शिवशिवत होते. ते त्याने मांड्यांखाली दाबून धरले.

मंजुषा धावत आली. लेकीला पाहताच तिचं सगळं शहाणपण गळालं. "अवो उचला ना तिले! पानी मारा!"

"थांब. हात नको लावू."

झाडावर कावळा ओरडत होता, तेवढाच आवाज. मग रुचिकाची छाती हलली. लांब, खरखरीत श्वास आला. ओठांवर रंग फिरला. ती रडू लागली आणि पहिलं वाक्य बोलली, "झाकन दे."

"नाई बेटा," लखन म्हणाला. "थे विषाचं हाये. नाई भेटनार."

तिने त्याला बुक्क्या मारल्या, चावली, पोत्यावर लोळली. तो हलला नाही. रडून रडून ती दमली आणि त्याच्याच मांडीवर डोकं टाकून झोपली. त्या दिवशी फवारणी झालीच नाही.

हट्ट काही त्या दिवसाने संपले नाहीत. मोबाईल बंद केला तेव्हा रुचिकाने जेवणाचं ताट उलथं केलं. तुळसाबाई दोन दिवस लेकाशी बोलली नाही. औषधाने रक्त भरलं तसं श्वास अडकणं कमी झालं, पण भोकाड तेवढंच मोठं राहिलं. परवा मालेगावला बस स्टँडवर ती कुरकुऱ्यांसाठी आडवी झाली. लखन तिच्या शेजारी, तिथेच फरशीवर बसला. लोक थांबून बघत होते. एक बाई म्हणाली, "दोन फटके द्या ना भाऊ." दुसरी म्हणाली, "घेऊन द्या ना, कायले रडवता लेकराले!" लखन-मंजुषाची बस समोरून निघून गेली.

मंजुषाने पिशवी खाली ठेवली. "तुमाले असं बसून भेव नाई वाटत?"

"वाटते ना," लखन म्हणाला. त्याची नजर लेकीच्या ओठांवरून हलत नव्हती. "पन तिले थे दिसू नाई द्याचं."

रुचिकाने रडता रडता एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा सूर लावला.