हिरव्या गाडीच्या नळ्या

उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या घरात पेट्रोलचा वास यायला लागला. आधी वाटलं, बाहेर कुणी मोटरसायकल लावली असेल. पण रोज सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली की वासाचा भपकारा आत, आणि खिडकीलगतच माझी गॅसची शेगडी. खिडकीपलीकडे पत्र्याचं शेड आहे आणि शेडमध्ये माझ्या नवऱ्याची गाडी.

ही गाडी त्यांनी हैदराबादहून ट्रकवर घालून जालन्याला आणली होती. एका जुन्या बंगल्याच्या आवारात कडुलिंबाखाली ती सडत पडली होती. विलायती स्पोर्ट्स गाडी. बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील एवढी, वर कापडी टप. नवरा स्टीलच्या कारखान्यात मेंटेनन्सला होता. सुट्टी आली की अख्खा दिवस गाडीखाली. ती चालती व्हायला कित्येक वर्षं गेली. मग त्यांनी तिला बाटलीसारखा हिरवा रंग दिला. गल्लीतले लोक विचारायचे, "साहेब, हिच्यात सामान कुठं ठेवायचं?" हे म्हणायचे, "सामान घरी ठेवायचं."

मागच्या दिवाळीनंतर त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, हात अर्धामुर्धा आला, वाचा मात्र आली नाही. म्हणजे समजायचं सगळं, पण तोंडातून भलताच शब्द निघायचा. पाणी हवं असलं की म्हणायचे, "चप्पल." मी चप्पल आणली की कपाळावर हात मारून घ्यायचे. "न्हाई" हा एक शब्द तेवढा पक्का होता. बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी यायची, चित्रांची कार्डं दाखवायची. कप, गाय, छत्री. कारखान्यात नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड सांगणारा हा माणूस गायीच्या चित्रासमोर घामाघूम व्हायचा. एकदा त्यांनी सगळी कार्डं उलटी घातली आणि शेडमध्ये जाऊन बसले. तेव्हापासून तिथंच बसायचे, गाडीशेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीत.

पेट्रोलच्या वासाचं मी मुलाला फोनवर सांगितलं. तो पुण्याला असतो. "आई, उगाच धोका नको. बाबांना आता ती चालवता येणार नाही. विकून टाकू," तो म्हणाला. खोटं काय होतं त्यात? मीही तोच विचार करत होते. पण विकायची तरी आधी गळती थांबवायला हवी, म्हणून मी ह्यांच्या जुन्या दोस्ताला बोलावलं. त्यांचं ट्रॅक्टरच्या पार्ट्सचं दुकान आहे. घरात ते उर्दू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि ह्यांच्याशी दोन्हीची खिचडी.

ते आले, गाडीखाली वाकले, बोटांनी एक नळी दाबली. वरून चांगली दिसणारी ती नळी वाळल्या शेंगेसारखी तडकली.

"भाभी, टाकीपासून इंजनपर्यंत जेवढं रबर हाय, तेवढं सगळं बदला. आजकालच्या पेट्रोलमंधी स्पिरिट असतंय, जुन्या रबरला खाऊन टाकतंय ते. नशीब, कुठं ठिणगी पडली न्हाई." त्यांनी टाकीतलं पेट्रोल एका कॅनमध्ये काढून घेतलं, बॅटरीची वायर सोडली आणि गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर चढवली. मग म्हणाले, "उद्या मिस्त्री पाठवतो. दोन तासांचं काम."

"न्हाई!" हे खुर्चीतून म्हणाले.

"अरे भाई, मी सोता उभा राहीन ना त्याच्याजवळ."

"न्हाई." आणि डाव्या हाताने त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

दोस्तांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले. मला वाटलं, पुन्हा शब्दासारखं बोटही चुकलं असेल. पण ते बोट हलेना.

मी आयुष्यभर शिवणकाम केलं. माहेरी, आमच्या वाटूरला असताना आईच्या मशीनवर शिकले, लग्नानंतर इथं गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवले. पेचकस कधी हातात धरला असेल तर मशीनचा पट्टा बदलायला. त्या हिरव्या गाडीला मी फडक्याने पुसलंसुद्धा नव्हतं. पुसलेलं त्यांना आवडायचं नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन पत्र्यावर चढायच्या आत, मी पदर खोचला आणि शेडमध्ये गेले. का गेले हे नीट सांगता येत नाही. इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे पाणी, औषध, टॉवेल एवढंच मागितलं होतं, तेही चुकीच्या नावाने. हे पहिलं वेगळं मागणं होतं.

दोस्तांनी नव्या नळीचं वेटोळं देऊन ठेवलं होतं, स्पिरिट सोसणारं. शिवाय दुकानातलं आग विझवायचं नळकांडंही. मी गोधडी अंथरून गाडीखाली सरकले. हे खुर्ची ओढून जवळ बसले आणि वाकून बघू लागले. मी जुनी नळी ओढायला लागले तर ती हलेना. त्यांनी खुर्चीवर टकटक केलं. मी बाहेर पाहिलं. त्यांनी हवेत एक उभी रेघ मारली.

"कापू?"

मान हलली.

ब्लेडने उभी चीर दिल्यावर नळी सालीसारखी सुटली. आतून ती काळी, चिकट झाली होती. बोटाला शाई लागावी तशी लागली. मग जुन्या तुकड्याच्या मापाने नवी नळी कापायची. हे मला येत होतं. कापड असो की रबर, काटकोनात कापायचं तर हात एकदाच चालवायचा. कापलेलं टोक मी त्यांना दाखवलं. त्यांनी डोळ्यांजवळ धरून ते फिरवून फिरवून पाहिलं आणि परत दिलं. खोट काढली नाही, तेवढं मला पुरेसं होतं. नवी नळी पाइपाच्या तोंडावर चढेना तेव्हा त्यांनी तेलाच्या डबीकडे बोट केलं. थेंबभर तेल लावल्याबरोबर ती सरकली.

आता नळीभोवती आवळायची क्लिप बसवायची. मी पेचकस घातला आणि फिरवत गेले. पेट्रोलचं काम, तेव्हा घट्टच हवं, असा माझा हिशेब. अजून एक वेढा, अजून एक.

"अगं, आवळू नको! रबर कापंल!"

मी तशीच थांबले. शेडमध्ये आणखी कुणी नव्हतं. गाडीखालून मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. मी सरकत बाहेर आले. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचा डावा हात त्यांच्याच तोंडावर होता, कुणी दुसरंच बोलून गेल्यासारखा.

"काय म्हणालात?"

ओठ हलले. गळ्याची शीर ताणली गेली.

"चप्पल," ते म्हणाले.

मला आधी हसू आलं. मग त्यांना आलं. मग आम्ही दोघं हसता हसता रडायला लागलो आणि माझ्या तेलकट हातांमुळे मला डोळेही पुसता येईनात. त्यांनीच आपल्या लुंगीच्या टोकाने माझं तोंड पुसलं. लग्नाला इतकी वर्षं झाली; असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

राहिलेल्या नळ्या बसवायला आम्हाला पुढची सकाळही लागली. टाकीजवळची, पंपाजवळची, मग पुढे इंजिनाकडच्या छोट्या छोट्या. मी मुद्दाम बडबड करत होते. कार्डं दाखवणाऱ्या मुलीसारखं "हे काय आहे?" असं मात्र विचारत नव्हते. मी आपली म्हणायची, "आता कोणती?" कधी बोट यायचं, कधी चुकीचा शब्द, आणि एकदा अगदी स्वच्छ, "पंपाची."

काम झाल्यावर दोस्त आले. थोडं पेट्रोल टाकलं, बॅटरी जोडली, इंजिन सुरू न करता चावी अर्धी फिरवली. गाडीच्या मागच्या बाजूने टिकटिक सुरू झाली. ही पंपाची टिकटिक. नळ्या भरल्या की ती थांबते, नाही थांबली तर कुठंतरी गळतंय, हे दोस्तांनी मला समजावलं. आम्ही तिघं कान देऊन उभे राहिलो. टिकटिक मंदावली, पण थांबेना.

दोस्तांनी चावी बंद केली आणि ते वाकणार एवढ्यात ह्यांनी त्यांना बाजूला केलं. गाडीला धरून सावकाश जमिनीवर बसले, डावा हात इंजिनाखाली घातला, एकेका जोडावरून बोटं फिरवली आणि दर वेळी ती नाकाशी नेली. शेवटी म्हणाले, "इथं."

ती क्लिप मी त्यांच्या ओरड्यानंतर बसवली होती. कापायच्या भीतीने सैल ठेवली होती. मी पेचकस लावला. त्यांनी माझं मनगट धरलं. मी फिरवत गेले, आणि एका जागी त्यांची पकड घट्ट झाली.

"बास."

दोस्तांनी पुन्हा चावी फिरवली, आणि या वेळी टिकटिक हळू होत होत थांबली. त्या शांततेत दोस्त पुटपुटले, "माशाल्ला." मग बाहेर जाऊन उगाच आपल्या स्कूटरचा आरसा पुसत राहिले.

गाडी विकायचा विषय मुलाने पुन्हा काढला नाही, किंवा मी काढू दिला नाही. आमची साधी गाडी मी चालवतेच; हिचा क्लच मात्र पायाला पोलादाचा वाटला. आठवडाभर आमच्याच रस्त्यावर सराव केला, आणि मग एका सकाळी ह्यांना डावीकडे बसवून राजूरच्या गणपतीला निघाले. चतुर्थी नव्हती, रस्ता मोकळा होता. टप उघडा, कानात वारा, बोलायचं म्हटलं तरी ऐकू येणार नाही. त्या तासाभरात आमच्यात कुणाचीच वाचा गेलेली नव्हती.

मंदिराजवळ गाडी लावली तशी माणसं जमली. एक नारळवाला खाली वाकून ह्यांना म्हणाला, "मामा, कंची गाडी म्हणायची ही? कुठून आणल्ती?"

ह्यांनी तोंड उघडलं. शब्द येईना. माझ्या जिभेवर हैदराबाद आलं होतं. मी ते गिळलं. नारळवाल्याला काही कळलं नसावं, पण भला माणूस. तसाच वाकून थांबला.

"जुनी," हे म्हणाले. मग दम घेऊन, "लई... जुनी."

"ते तर दिसूनच राह्यलं की!" नारळवाला हसला. हेही हसले.

यंदा पावसाळा संपत आला तरी त्यांची वाचा पुरती आलेली नाही. येईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. नातवाला ते अजून भाच्याच्या नावाने हाक मारतात. बोलायला शिकवणारी मुलगी आता कार्डं पिशवीतच ठेवते आणि शेडमध्ये येऊन बसते. ते तिला पाने, नट, वॉशर दाखवतात आणि कधी नावं सांगतात, कधी हरवतात. हरवलं की ती थांबते. मीही थांबायला शिकते आहे. घाईने त्यांचं वाक्य पुरं करायची मला फार जुनी सवय आहे, आजाराच्या आधीपासूनची, आणि ती सुटायला वेळ लागणार.